पांढरा की पिस्ता?

गेला महिनाभर आमच्या घरात एकच वाद चालू आहे. लेकीच्या खोलीला रंग कुठला द्यायचा? लेक अकरा महिन्यांची. सध्या रांगते, दिसेल ती वस्तू उचलते आणि थेट तोंडात घालते. तिला या वादाशी काही देणंघेणं नाही. वाद आहे तो माझा आणि बायकोचा. मला पांढरा हवाय, तिला फिकट पिस्ता.

रंगारीकाकांनी शनिवारी भिंतीवर दोन ठिगळं मारून दिली. फूट बाय फूट, शेजारी शेजारी. "साहेब, सकाळी बघा, रात्री ट्यूबलाइटमध्ये बघा, मग सांगा," असं म्हणून ते चहा पिऊन गेले. सकाळी पिस्ता छान दिसत होता, कोवळ्या पानासारखा. रात्री ट्यूब लावली तर थेट सरकारी दवाखाना! आता फक्त 'येथे थुंकू नये' एवढं लिहायचं बाकी होतं. मी हे बोलून दाखवलं आणि मग विकांताची जी काय वाट लागायची ती लागली.

वादात जिंकण्यासाठी म्हणून मी वाचायला बसलो. पांढरा रंग किती सोज्वळ आहे आणि हिरव्याचा इतिहास किती काळा आहे, एवढं सिद्ध करायचं होतं. (आमच्या धंद्यातली जुनी खोड. निष्कर्ष आधी, लॉग नंतर.) पण प्रकरण भलतीकडेच गेलं.

सुरुवात पांढऱ्यापासून करतो, कारण माझा पक्ष तो होता.

कोकणात आजोळी दिवाळीच्या आधी चुना काढायचे. कळीचा चुना मोठ्या पिंपात टाकून वर पाणी ओतलं की ते खदखदायला लागायचं. आम्हा पोरांना लांब उभं करायचे, कारण डोळ्यात उडाला तर डोळा जायचा. मग तो गाळायचा, त्यात डिंक नाहीतर सरस, चिमूटभर नीळ, आणि काथ्याच्या कुंच्याने मारायचा. लहानपणी मला एका गोष्टीचं भयंकर कुतूहल होतं. ओला चुना मारला की भिंत राखाडी, मळकटच दिसायची. वाटायचं, सगळी मेहनत फुकट. आणि सकाळी उठून बघावं तर पांढरीशुभ्र!

याचं उत्तर तीस वर्षांनी मिळालं. पांढरा हा तसा 'रंग' नाहीच. बारीक कणांवर प्रकाश आदळून सगळीकडे विखुरला की डोळ्याला पांढरं दिसतं. आणि तो किती विखुरणार, हे कण आणि त्याच्या भोवतीचा पदार्थ यांच्या अपवर्तनांकात किती फरक आहे यावर ठरतं. चुनखडीचा अपवर्तनांक साधारण १.६, पाण्याचा १.३३. फरक थोडा, म्हणून ओला चुना अर्धवट पारदर्शक. पाणी उडून जागी हवा आली (अपवर्तनांक १) की फरक वाढतो आणि भिंत उजळते. शिवाय चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडी होतो, म्हणजे दगड होतो. म्हणूनच तो भिंतीला धरून राहतो.

पण हाच चुना किंवा खडू तेलात कालवला तर? जवसाच्या तेलाचा अपवर्तनांक १.४८ च्या आसपास, आणि तेल काही उडून जात नाही, तिथेच वाळतं. फरक जवळजवळ शून्य. म्हणजे खडूचा तेलरंग हा कळकट, पिवळट, आरपार दिसणारा लेप होतो. ज्यांना लाकडावर, दारंखिडक्यांवर टिकाऊ तेलरंग हवा होता, त्यांना दुसरं पांढरं शोधणं भाग होतं. आणि ते माणसाला दोन हजार वर्षांहून जास्त काळ माहीत होतं. शिशाचा पांढरा, आपल्या रंगाऱ्यांच्या भाषेत सफेता. अपवर्तनांक सुमारे २. एक हात मारला की खालचं सगळं झाकलं.

तो बनवायची डच पद्धत वाचून मी चाटच पडलो. मातीच्या भांड्यात तळाला थोडं व्हिनेगर, वर शिशाच्या पत्र्याची गुंडाळी. अशी शेकडो भांडी एका बंद खोलीत थरावर थर रचायची आणि भोवती घोड्याची ताजी लीद भरायची. लीद कुजते, ऊब देते, कार्बन डायऑक्साइड सोडते. व्हिनेगरच्या वाफा शिशाला खातात. तीनेक महिन्यांनी खोली उघडली की शिशावर पांढऱ्या खपल्या धरलेल्या. त्या खरवडायच्या, धुवायच्या, दळायच्या. बड्या घरांच्या दिवाणखान्याचा तो शुभ्र, सात्त्विक वगैरे रंग लिदीतून यायचा, ही गंमत सोडा. खपल्या काढायचं काम इंग्लंडात बऱ्याचदा गरीब बायका करायच्या. पोटात कळा, मनगटं लुळी, मग झटके, मग मरण. चार्ल्स डिकन्सने १८६८ मध्ये पूर्व लंडनमधल्या अशा बायकांबद्दल लिहून ठेवलंय.

या सगळ्यात मला एक माणूस फार आवडला. एदमे-जाँ लक्लेर. पॅरिसमधला रंगकामाचा ठेकेदार, म्हणजे आपल्या रंगारीकाकांचाच भाऊबंद. आपली माणसं शिशाने आजारी पडतात हे त्याला दिसत होतं. जस्ताचा पांढरा, म्हणजे झिंक व्हाइट, हा पर्याय अठराव्या शतकाच्या अखेरीपासून माहीत होता, पण महाग आणि वाळायला हट्टी, म्हणून कुणी वापरत नव्हतं. लक्लेर त्याच्यामागे लागला आणि १८४० च्या दशकात त्याने तो धंद्यात परवडेल असा करून दाखवला. हाच माणूस १८४२ पासून नफ्यातला वाटा कामगारांना द्यायला लागला. सांगतात, कामगारांचा विश्वास बसेना, तेव्हा त्याने पैशांची थैलीच टेबलावर रिकामी केली. (आपल्याला एसॉप्सचं पत्र मिळतं. थैली कधी रिकामी होते ते देव जाणे.)

पण सफेता बंद पडला नाही. स्वस्त होता, झाकायचा छान, आणि त्यामागे मोठ्या कंपन्या होत्या. १९०४ मध्ये ब्रिस्बेनमधल्या लॉकहार्ट गिब्सन नावाच्या नेत्रतज्ज्ञाने लिहिलं, की आपल्याकडे येणाऱ्या मुलांना शिशाची विषबाधा होतेय आणि ती येतेय घराच्या रंगातून. क्वीन्सलंडमधली लाकडी घरं, ऐसपैस व्हरांडे, पांढरे कठडे. उन्हाने रंगाची भुकटी होते, पोरं कठड्याला धरून उभी राहतात, मग बोटं तोंडात. एवढीच साखळी. यात कुणी मुद्दाम काही खाल्लेलं नाही. हे वाचताना माझी लेक समोर खिडकीच्या चौकटीला धरून उभं राहायचा प्रयत्न करत होती.

क्वीन्सलंडने १९२२ मध्ये मुलांचे हात पोचतील अशा जागी शिशाच्या रंगावर बंदी घातली. फ्रान्सने कायदा १९०९ मध्ये केला होता. १९२१ मध्ये जिनिव्हात सफेत्यावर आंतरराष्ट्रीय करार झाला. आणि अमेरिकेने? १९७८! मधल्या काळात तिथली सर्वात मोठी शिसं कंपनी एका गोंडस डच पोराचं चित्र छापून मुलांना रंगवायची पुस्तकं वाटत होती. आपण ज्याला 'माहिती नव्हती त्या काळी' म्हणतो, त्यातलं बरंचसं असं असतं.

आज डब्यात असतो तो पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड. १९१६ च्या सुमारास तो नॉर्वे आणि अमेरिकेत कारखान्यात बनायला लागला. त्याच्या रूटाइल प्रकाराचा अपवर्तनांक २.७, म्हणजे हिऱ्यापेक्षाही जास्त. भिंतीला तर विषारी नाहीच. आणि त्याचं एक खनिज, इल्मेनाइट, केरळच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूत मिळतं, तसंच आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही. आजोळच्या पुळणीत भरतीची रेघ संपते तिथे काळा पट्टा दिसायचा, आम्ही त्यावर चुंबक फिरवून काळे कण गोळा करायचो. त्यात बहुतेक हेच होतं. जगातला सगळ्यात पांढरा रंग काळ्या वाळूतून येतो, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं.

असो. माझ्या पक्षाची अवस्था फारशी बरी नव्हती, तेव्हा मी पिस्त्याकडे वळलो. इथे मात्र माल भरपूर होता.

कार्ल शील हा स्वीडनमधला औषधविक्रेता आणि अफाट रसायनशास्त्रज्ञ. ऑक्सिजन त्याने प्रीस्टलीच्या आधी वेगळा केला, छापायला उशीर झाला म्हणून श्रेय हुकलं. १७७५ मध्ये त्याने तांबं आणि आर्सेनिक (आपला सोमल) यांचा एक झकास हिरवा बनवला. तोवर चांगला हिरवा मिळणं फार अवघड होतं. १८१४ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफर्ट गावी त्याहून चमकदार हिरवा निघाला, तोही तांबं-आर्सेनिकचाच. एमरल्ड ग्रीन, पॅरिस ग्रीन, नावं अनेक. आणि मग युरोप हिरवा झाला. वॉलपेपर, पडदे, झगे, टोपीवरची खोटी पानं, मुलांची खेळणी.

कुरबुर लवकर सुरू झाली. १८३९ मध्येच जर्मन रसायनशास्त्रज्ञ ग्मेलिनने वर्तमानपत्रातून इशारा दिला, की ओल आलेल्या हिरव्या खोल्यांना उंदरासारखा वास येतो, तिथे झोपू नका. १८६२ मध्ये लंडनच्या लाइमहाउस भागात एका घरातली चार मुलं दोनेक महिन्यांत एकामागून एक गेली. घटसर्प म्हणाले. थॉमस ऑर्टन या डॉक्टरला पटेना. घर स्वच्छ, पाणी ठीक, गटार ठीक, शेजारी कुणालाच घटसर्प नाही. मग त्याची नजर गेली हिरव्या वॉलपेपरकडे. तपासला तर आर्सेनिक सापडलं. ज्यूरीने तरीही निकाल दिला, नैसर्गिक मृत्यू. चार मुलं गेलेल्या त्या आईबापांनी तो निकाल कसा ऐकला असेल!

यापुढचा भाग मला डिबगिंगची उत्तम केस स्टडी वाटतो. वॉलपेपर भिंतीला चिकटवलेला, कुणी चाटलेला नाही. मग विष शरीरात जातं कसं? १८९१ च्या सुमारास इटलीत बार्तोलोमेओ गोसिओने बटाट्याच्या लगद्यात आर्सेनिक मिसळून त्यावर बुरशी वाढवली. त्यातून लसणासारख्या वासाचा वायू निघाला. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये चॅलेंजरने तो ओळखला, ट्रायमिथाइलआर्साइन. सगळं जुळलं! ओल, बुरशी, वास, विषारी वायू. पुस्तकांत हेच छापलं जाऊ लागलं. मात्र २००५ मध्ये कलन आणि बेंटली या दोन संशोधकांनी जुने-नवे पुरावे तपासून सांगितलं, की हा वायू समजतात तेवढा विषारी नाहीच. म्हणजे बुरशी खरी, वासही खरा, पण खुनी बहुधा दुसराच. आणि मग उरते ती सगळ्यात साधी शक्यता. धूळ. ढिला झालेला हिरवा रंग कागदावरून भुकटी होऊन गळतो, जमिनीवर पडतो, श्वासात जातो, पोरांच्या बोटांना लागतो.

सगळेजण वायू शोधत राहिले आणि कारण बहुधा जमिनीवर पडलेलं होतं.

नेपोलियनची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही म्हणून सांगतो. सेंट हेलेनातल्या त्याच्या घराच्या वॉलपेपरचा तुकडा एका वहीत जपलेला सापडला, १९८२ मध्ये त्यात आर्सेनिक असल्याचं प्रसिद्ध झालं. पण २००८ मध्ये इटालियन संशोधकांनी त्याच्या लहानपणापासूनचे केस तपासले तेव्हा आर्सेनिक सगळ्यांतच भरपूर निघालं, त्याच्या काळच्या इतर लोकांतही. म्हणजे वॉलपेपरने नेपोलियन मेला हे खरं नाही, सगळा जमानाच आर्सेनिकमध्ये मुरलेला होता. विल्यम मॉरिसचा किस्सा जास्त झोंबणारा. निसर्ग, हस्तकला, कामगारांचा कैवार, समाजवाद, आणि वॉलपेपरचा बादशहा. त्याच्या घराण्याची संपत्ती डेव्हनमधल्या तांब्याच्या खाणीत, जी पुढे आर्सेनिकचा मोठा साठा ठरली. तो स्वतः काही वर्षं तिचा संचालक होता. २००३ मध्ये त्याच्या सुरुवातीच्या एका वॉलपेपरच्या नमुन्यात हिरव्यात आर्सेनिक सापडलं. आणि १८८५ मध्ये तो पत्रात लिहीत होता, की ही आर्सेनिकची भीती म्हणजे निव्वळ खूळ, चेटकिणी शोधण्यासारखं. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण मॉरिस मला आवडतो.

ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात वॉलपेपरविरुद्ध कायदा झालाच नाही. गिऱ्हाईकच घाबरलं आणि 'आर्सेनिकमुक्त' असा शिक्का विकला जाऊ लागला. पॅरिस ग्रीन मात्र बेकार झाला नाही. अमेरिकेत बटाट्यावरच्या भुंग्यांवर फवारला गेला, पुढे डासांच्या अळ्या मारायला भारतातही वापरला गेला. वॉलपेपर ते कीटकनाशक, काय प्रवास!

आणि तो दवाखान्याचा हिरवा? त्याचा या पापाशी काही संबंध नाही. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत हॅरी शर्मन नावाच्या सर्जनने ऑपरेशन थिएटर हिरवं करून घेतलं. पांढऱ्या भिंती, पांढऱ्या चादरी, त्यावर झगझगीत दिवे, मध्ये लाल रक्त. नजर वर केली की डोळे दिपायचे, खाली केली की हिरवे डाग तरंगायचे. लालचा पूरक रंग हिरवा, तेव्हा भिंतीच हिरव्या केल्या. म्हणजे हा हिरवा डोळ्यांच्या भल्यासाठी आला. आपल्याकडे मग कचेऱ्या, शाळा, जिने, सगळीकडे कमरेइतका हिरवा ऑइलपेंटचा पट्टा दिसायचा, पण तो मळ दिसू नये आणि पुसता यावा म्हणून.

हे सगळं मी रविवारी दुपारी बायकोला ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "अरे पण या डब्यातल्या हिरव्यात आर्सेनिक आहे का?" नाही. दुकानात मशिनखाली दोन्ही डबे ठेवतात तेव्हा आत तोच टायटॅनियमचा पांढरा बेस असतो. पिस्ता म्हणजे त्यात पडलेले काही थेंब, बहुधा थॅलो ग्रीन. १९३० च्या दशकातला. गंमत म्हणजे त्यातही तांबं आहेच, पण घट्ट बांधलेलं. शीलचं तांबं राहिलं, सोमल गेला. थोडक्यात, माझ्या मुद्द्यात काही दम नव्हता.

खरा प्रश्न सोमवारी आला. काका पत्ती आणि काचकागद घेऊन हजर. "जुना रंग खरवडून घेतो, मग लांबी, मग प्रायमर." आमची इमारत ऐंशीच्या दशकातली, फ्लॅट रिसेलचा. काकांनी खिडकीखालचा एक पोपडा काढून दाखवला तर केकसारखे थर. वर आधीच्या मालकांचा क्रीम, त्याखाली गुलाबी डिस्टेंपर, आणि सगळ्यात खाली गर्द हिरवा ऑइलपेंट. माझ्या पोटात गोळा आला, आणि तो आर्सेनिकमुळे नव्हे.

झालं असं होतं, की हिरवा बनवायची आणखी एक जुनी रीत आहे. निळा अधिक पिवळा. प्रशियन निळ्यात क्रोम पिवळा. आणि क्रोम पिवळा म्हणजे शिशाचा क्रोमेट! त्यात ऑइलपेंट लवकर वाळावा म्हणूनही शिशाची संयुगं घालत. म्हणजे त्या काळच्या पांढऱ्यातून शिसं बऱ्याच अंशी गेलेलं असताना ते चमकदार पिवळ्या, केशरी, लाल आणि हिरव्यात मात्र आरामात बसलेलं होतं. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची सक्तीची मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी, आणि लागू झाली १ नोव्हेंबर २०१७ ला. त्याआधीचा डबा म्हणजे कंपनीच्या सदिच्छेवर.

काकांना थांबवलं. ते जरा चिडले. "साहेब, तीस वर्षं खरवडतोय, काही होत नाही." तीस वर्षं, तोंडाला साधा रुमाल. त्यांना लक्लेरची गोष्ट सांगावीशी वाटली, पण मजुरीचा दिवस मोडलेल्या माणसाला गोष्टी सांगू नयेत. दिवसाचे पैसे दिले. पोपडा पिशवीत घालून एका मित्रामार्फत तपासायला पाठवला. आठवड्याने उत्तर आलं, शिसं मर्यादेच्या कित्येक पट.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की लहान मूल तेवढ्याच शिशातून मोठ्या माणसाच्या चार-पाचपट शोषतं, आणि अमुक इतकं चालेल अशी सुरक्षित पातळीच नाही. कोरडं घासलं असतं तर ती भुकटी महिनोन्महिने फटींमध्ये राहिली असती. आणि त्या फरशीवर आमची बाई रांगतात.

मग काय, ठरलं असं. जिथे जुना थर घट्ट आहे तिथे हात लावायचा नाही, वरूनच प्रायमर आणि दोन हात. खिडकीखाली जिथे पोपडे सुटलेत, तिथे पाणी मारून ओलंच घासायचं, खाली प्लॅस्टिक, आणि निघेल तो चिखल गुंडाळून वेगळा बांधून टाकायचा. झाडू बंद, फक्त ओलं फडकं. काकांना मास्क आणून दिले, त्यांनी कुरकुरत लावले, दुसऱ्या दिवशी त्यांच्या पोऱ्यालाही लावायला लावला. लेक आणि बायको दहा दिवस आजीकडे डोंबिवलीला. ओल जिथून येत होती तो बाहेरचा पाइपही दुरुस्त करून घेतला, नाहीतर दोन पावसाळ्यांत पुन्हा पोपडे. बालरोगतज्ज्ञांना विचारून लेकीचं रक्त तपासायला दिलंय, रिपोर्ट गुरुवारी येईल.

रंगाचं म्हणाल तर तीन भिंती पांढऱ्या आणि पाळण्यामागची एक पिस्ता. ट्यूबलाइट काढून पिवळा बल्ब लावलाय, त्यात दवाखाना दिसत नाही. बायको म्हणते ती जिंकली.